नवीन कायरोप्रॅक्टर आणि फिजिओंनी आपल्या पेशासाठी नेमकं काय करायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. मलेशियात क्वालालंपूरला कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणका आणि सांध्यांवर हातानं करायचे उपचार, शिकते आहे, शेवटचं वर्ष. पुढं बेळगावातच बसायचं हे घरात सांगून झालंय.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून एक गोष्ट कानावर पडते, की विद्यार्थी असल्यापासूनच पेशासाठी काम करा. संघटनेत या, वर्गणी भरा, सिनियरकडं जाऊन बसा, कायदे करणाऱ्यांना भेटा. विद्यार्थ्यांची जागतिक संघटना १९७९ पासून आहे, व्यावसायिकांचा जागतिक महासंघ १९८८ पासून. मलेशियाच्या २०१६ च्या पारंपरिक व पूरक वैद्यक कायद्यात कायरोप्रॅक्टिकचं नाव आहे, त्यामुळं तिथल्या मुलांना आपण कुठं उभे आहोत ते माहीत असतं.

आपल्याकडं तसं काहीच नाही. आमची नोंदणी करणारी वेगळी परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. लोकांना आमची ओळख आहे ती मोबाइलवरच्या कटकट हाडं वाजवण्याच्या व्हिडिओंमुळं. अशा ठिकाणी नव्या माणसानं पेशाला आधार द्यायचा म्हणजे काय करायचं? माझं मत असं, की आम्हाला काय जमत नाही हे आम्हीच आधी लोकांना सांगायला हवं. पण ते पुरेसं आहे का? फिजिओ, डॉक्टर, पेशंट, सगळ्यांनी लिहा. कडक लिहिलंत तरी चालेल.

जुना_शहापूरकर

शिकून परत यायलीस हेच पहिलं चांगलं काम, पोरी. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला गेली ती तिकडचीच झाली.

लाल_माती

ताई, मी तालमीतला. आमच्याकडं सांधा निखळला की हाडवैद्य, मान धरली की वस्ताद. दोघंही पैसे घेत नाहीत, म्हणून पोरांचा विश्वास. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असतंय तेव्हा कडेला बसून बघा. कोण कसा पडतोय, कुणाची मान कशी दाबली जात्येय ते कळेल. तुम्ही क्लिनिक उघडून पाटी लावून बसलात तर पैलवान येणार नाही. तालमीत येऊन बसलात तर येईल. आमच्यासाठी तुमच्या पेशाचा आधार म्हणजे एवढाच.

एक विचारतो. कुस्ती झाल्यावर मान दोन्ही बाजूंना मोडून घ्यायची सवय आहे सगळ्यांना. न्हाव्याकडं गेलं तरी तो मोडतोय. ते चांगलं की वाईट?

टिळकवाडी_फिजिओ

लाल_माती, न्हाव्याकडून मान मोडून घेणं आजपासून बंद करा. सगळ्या पोरांना सांगा. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटका चुकीचा बसला आणि आतला थर फाटला तर पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. शिवाय काही जणांना ती वाहिनी आधीच फाटलेली असल्यामुळंच मान दुखत असते. अचानक कधी नव्हे इतकी मान दुखली, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं असेल तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. फिजिओ नाही, कायरो नाही, वस्ताद नाही.

आता मूळ प्रश्न. मलप्रभाकाठ, तुम्ही स्पष्ट लिहिलंत म्हणून मीही स्पष्ट लिहिते. आमच्या पेशाकडं बघा. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर १९५३ ला पहिली शाळा निघाली, १९५५ ला संघटना झाली, आणि केंद्राचा कायदा आला २०२१ ला. मधली ६६ वर्षं कोण लढलं? वर्गणी भरणारे, निवेदनं देणारे, कोर्टात जाणारे लोक. माझ्या बॅचमधले बहुतेक जण तेव्हा म्हणायचे, संघटना आपल्याला काय देते? आज त्याच कायद्याचा आधार तेही घेतात. त्यामुळं वर्गणीला कमी लेखू नका.

पण कायरोप्रॅक्टिकबद्दल माझा आक्षेप आहेच. मणक्यावर हातानं करायचे उपचार आम्हीही शिकतो, मेटलंड, मलिगन अशा सगळ्या पद्धती. तुमचा पेशा वेगळा कशासाठी, हे आधी सांगा.

दुसऱ्या_वर्षाची

मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करते. आमच्या सिनियरमध्ये तीन दिवसांचा कायरो कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीवर लावायची हवा आहे. लगेच रील्स चालू. हे बरोबर आहे का? मलाही कुणीतरी आग्रह करतंय म्हणून विचारते.

मलप्रभाकाठ

@दुसऱ्या_वर्षाची, जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखालचं क्लिनिकल काम, असं म्हटलंय. तीन दिवस कुठं आणि हे कुठं. एखादं तंत्र शिकायला हरकत नाही, शिका की. पण त्यावर कायरोप्रॅक्टर म्हणून पाटी लावणं चूक.

@टिळकवाडी_फिजिओ, तंत्रावर आमची मक्तेदारी नाही, हे मान्य. फरक शिकताना भर कशावर असतो त्यात आहे. आमचा सगळा वेळ मणका, सांधे, नसा, क्ष-किरण वाचणं आणि कुणाला हात लावायचा नाही हे ओळखणं यात जातो. तरी बेळगावात तुमच्याशी स्पर्धा करून मी टिकेन असं मला वाटत नाही, करायचीही नाही. एकत्र काम कसं करता येईल ते मला हवंय.

ऑर्थो_निवृत्त

सरकारी दवाखान्यात हाडांच्या ओपीडीत आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांब लिहितो.

कायरोप्रॅक्टिकबद्दल आम्हा डॉक्टरांच्या मनात जे आहे त्याची कारणं त्यांच्या इतिहासातच आहेत. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये डॅव्हनपोर्ट, आयोवा इथं एका बहिऱ्या माणसाच्या पाठीला झटका दिला आणि त्याला ऐकू आलं, असा दावा करून हा पेशा सुरू केला. जवळजवळ सगळे रोग मणका सरकल्यानं होतात, असं ते म्हणत. ते टिकलं नाही, टिकण्यासारखं नव्हतंच. दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटनेनं त्यांच्यावर अनेक वर्षं बहिष्कार घातला होता. चेस्टर विल्क आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दावा लावला, आणि १९८७ मध्ये कोर्टानं तो बहिष्कार बेकायदा ठरवला. म्हणजे चुकलो आम्हीही.

पण कोर्टात जिंकलं म्हणून दावा खरा होत नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकानं २००८ मध्ये लिहिलं, की लहान मुलांचा दमा, पोटदुखी, कानाचा संसर्ग कायरोप्रॅक्टिकनं बरा होतो असं सांगतात त्याला पुरावा नाही. तिथल्या कायरोप्रॅक्टर संघटनेनं त्याच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. २०१० मध्ये त्यांना तो मागं घ्यावा लागला, आणि त्या दोन वर्षांत पेशाची जेवढी शोभा झाली तेवढी कुठल्या टीकाकारानं केली नसती. पुरावा मागणाऱ्यावर खटला भरून पेशाचं रक्षण होत नाही, हे नव्या मुलांनी डोक्यात ठेवावं.

पुरावा जिथं आहे तिथं मी मोकळेपणानं मानतो. कंबरदुखीत हाताच्या उपचाराचा थोडा उपयोग होतो, इतर चांगल्या उपचारांइतकाच. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचनांत नव्या कंबरदुखीला औषधाआधी जे पर्याय सांगितलेत, त्यात तो आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना म्हणतात, द्या, पण व्यायामासोबत, एकटा नको.

आता आपल्या भागाचं. आपल्याकडं मणक्याचा क्षय आहे. पाश्चात्त्य पुस्तकात तो एका ओळीत उरकतात, आमच्या ओपीडीत तो रोजचा होता. एक तरुण मजूर आला होता. बरेच दिवस कुणाकडून तरी पाठ चोळून, दाबून घेत होता. रात्री दुखायचं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. हे कुणी विचारलंच नव्हतं. आला तेव्हा पायातली ताकद जायला लागली होती. औषधानं आणि ऑपरेशननं चालायला लागला, पण वेळ गेलेला होता. तो कुणाकडं जात होता ते नाव मी विचारलं नाही. मलप्रभाकाठ, तू आणि तुझ्यासारखी दहा मुलं नीट प्रश्न विचारून असा एक पेशंट वेळेत आमच्याकडं पाठवाल, तर बेळगावातला एकही ऑर्थोपेडिक सर्जन तुमच्या विरोधात बोलणार नाही. तुमच्या पेशाची बाजू मग आम्ही मांडू.

वडगावचा_माग

डॉक्टरसाहेबांचं वाचून बरं वाटलं. मी यंत्रमागावर आहे. आमचं दुखणं कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो. उभं राहून दोन-चार मागांवर लक्ष ठेवायचं, तार तुटली की वाकून सांधायची, परत उभं. दिवसभर हेच. माग थांबला की मजुरी थांबली. डॉक्टर म्हणतो विश्रांती घ्या. कशी घेऊ?

तुम्ही नवी पोरं आमच्या कारखान्यात येऊन अर्धा तास उभं राहून बघा. मग मागाशेजारी उभ्या उभ्या करता येईल असं काय ते सांगा. दवाखान्यात पलंगावर झोपून करायचे व्यायाम आम्हाला घरी जमत नाहीत, घरात जागा कुठली.

टिळकवाडी_फिजिओ

दादा, आता लगेच करण्यासारखं एक सांगते. तार सांधताना कमरेत वाकू नका, एक पाय पुढं टाकून गुडघ्यात वाका. आणि मधे मधे दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागं वाका, पाच-सहा वेळा. बऱ्याच जणांना आराम पडतो. पायात कळ जायला लागली किंवा वाढली तर थांबवायचं आणि दाखवायचं. कारखान्यात यायचं मनावर घेतलंय, खरंच येते.

निपाणकरीण

आई विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, हजारी (हजार विड्या) पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. मान आणि अंगठा, दोन्ही गेलेत. तिला एका ठिकाणी नेलं (गाव सांगत नाही). पहिल्याच दिवशी महिनाभराच्या बैठकांचे पैसे आधी भरा म्हणाले. मणका सरकलाय, नाही भरलात तर पुढं लकवा होईल, अशी भीती घातली. आईनं पैसे भरले. चार वेळा मान मोडली, व्यायाम एकही सांगितला नाही. ती परत गेली नाही, पैसेही परत मिळाले नाहीत.

हे धाग्यातल्या सगळ्या शिकणाऱ्यांसाठी लिहितेय. माझ्या आईसाठी तुमचा अख्खा पेशा म्हणजे तो एक माणूस. गल्लीतल्या बायकांनाही आता तेच माहीत आहे.

दुसऱ्या_वर्षाची

वाचून फार वाईट वाटलं ताई. भीती घालून पैसे घेणं हे सगळ्यात वाईट.

मलप्रभाकाठ

निपाणकरीण, तुमच्या आईंना मणका सरकलाय असं सांगितलं ते खोटं होतं. सांध्याचा जो आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नाही. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते त्याचा आहे. २०१५ मध्ये कॅनडात एमआरआयच्या आत बोट वाजवून हे प्रत्यक्ष पाहिलंय. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असंही नाही. आणि आगाऊ पॅकेज मी कधीच घेणार नाही. त्या त्या बैठकीचे पैसे, आणि काही बैठकांत फरक पडला नाही तर थांबून पुढं पाठवणं. हे मी इथं सगळ्यांसमोर लिहितेय, उद्या मला विचारता येईल.

कॅम्पातला_वकील

पॅकेजवर थोडा असहमत. आधी किंमत ठरवणं गुन्हा नाही, गरिबाला कधी कधी ते स्वस्तही पडतं. गुन्हा आहे तो भीती घालण्यात आणि उरलेले पैसे परत न देण्यात. परताव्याची अट लेखी द्या, प्रश्न मिटतो.

आता नव्या मुलांसाठी कामाचं. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय आस्थापनांचा २००७ चा कायदा आहे, ज्याला आपण केपीएमई म्हणतो. फिजिओथेरपी सेंटरलाही त्याखाली नोंदणी लागते, आणि जिल्ह्याच्या नोंदणी प्राधिकरणाचे प्रमुख डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, असतात. कायरोप्रॅक्टिकची परिषदच नसल्यामुळं तुमचं काम कुठल्या सदराखाली बसतं हे पाटी लावायच्या आधी लेखी विचारून घ्या. धाड पडल्यावर विचारू नका. एका नव्या माणसावर बोगस डॉक्टर म्हणून गुन्हा नोंदला की पेपरात नाव अख्ख्या पेशाचं येतं.

जाहिरातीचं म्हणाल तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा वाचा. तो औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्यासाठी आहे, हाताच्या उपचाराला लागतो का यावर वकील भांडतील. पण त्याच्या यादीत बहिरेपणा, लकवा, संधिवात, इतकंच काय उंची वाढवणंसुद्धा आहे. त्यातला एकही शब्द तुमच्या पाटीवर किंवा रीलमध्ये नको.

जुना_शहापूरकर

पाटीवरून आठवलं. २०२४ पासून पाटीवर साठ टक्के कन्नड लागतंय, ते विसरू नकोस. उरलेल्या चाळीसमध्ये मराठी मोठ्या अक्षरात घाल, आम्हा म्हाताऱ्यांना लांबून दिसलं पाहिजे.

चंदगडी

आम्ही महाराष्ट्रातले, पण दवाखाना बेळगावचाच. आमच्याकडचा पेशंट मराठी बोलतो, गोकाककडचा कन्नड, आणि रिपोर्ट इंग्रजीत. कुणालाच काही कळत नाही. तुम्हाला पेशासाठी काही करायचंच असेल तर पेशंटच्या हातात त्याच्या भाषेत एक कागद द्या.

दुसऱ्या_वर्षाची

नावापुढं डॉक्टर लावण्याचं काय? आमच्या कॉलेजात सध्या हाच विषय. २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीहून आरोग्य महासंचालनालयाचं पत्र आलं की फिजिओनी लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागं घेतलं.

टिळकवाडी_फिजिओ

त्याच्यावर वेगळा धागा काढ गं, नाहीतर हा इथंच संपेल. :) माझं एवढंच, की लावायचं तर त्याच्या शेजारी फिजिओथेरपिस्ट तितक्याच मोठ्या अक्षरात. पेशंटला समोर कोण बसलंय ते कळलं पाहिजे.

लाल_माती

सगळं वाचलं. मान मोडायचं पोरांना बंद करायला सांगितलं. दोघं ऐकली, बाकीची हसली. तुमच्यापैकी कुणीतरी येऊन सांगा, माझं नाही ऐकत.

ऑर्थो_निवृत्त

मी येतो. कधी ते कळव.

आणि एक राहिलं होतं. नोंदी ठेवा. पेशंट आला तेव्हा काय दुखत होतं, काय केलं, सहा आठवड्यांनी काय झालं. बरं नाही वाटलं तेही लिहा, ते तर आधी लिहा. अमेरिकेत कॅन्ससनं १९१३ ला परवाना कायदा केला आणि शेवटचं राज्य लुइझियाना यायला १९७४ उजाडलं. पामर स्वतः १९०६ ला परवान्याशिवाय काम केलं म्हणून तुरुंगात गेले. एवढी वर्षं गेली, कारण सरकारला दाखवायला भरवशाच्या नोंदी कमी आणि साक्षात्काराच्या गोष्टी जास्त होत्या, असं माझं मत. आपल्याकडं उद्या कुणी आमदाराकडं निवेदन घेऊन गेलं तर तो विचारेल, माझ्या मतदारसंघात काय केलंत? तेव्हा विडी कामगारांच्या, विणकरांच्या नोंदी टेबलावर ठेवता आल्या पाहिजेत. नावं झाकून, परवानगी घेऊन.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी विचारलं होतं पेशासाठी काय करायचं, आणि मला वाटलं होतं तुम्ही संघटना, परिषद, कायदा यावर बोलाल. ते वकीलसाहेब आणि फिजिओताईंनी सांगितलंच, वर्गणी मी भरतेच आहे. पण माझं काम वडगाव, निपाणी आणि तालमीपासून सुरू होतं, असं आता दिसतंय.

परीक्षा झाल्यावर दोन महिने घरी आहे. माझी नोंदणी नाही, त्यामुळं कुणाच्याही अंगाला हात लावणार नाही. पण एवढं करता येईल. एका पानाचा कागद, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पाठ किंवा मान दुखत असताना कुठल्या खुणा दिसल्या तर कुणाहीकडून दाबून न घेता डॉक्टरकडं जायचं: रात्री वाढणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, पायातली ताकद जाणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, आणि मानेचं ते चक्कर-दुहेरी दिसण्याचं. खाली कुणाच्याही क्लिनिकचं नाव नाही. सर, तुम्ही तपासून द्याल का? फिजिओताई, मागाशेजारचे आणि विडीवाल्या बायकांसाठीचे व्यायाम तुम्ही लिहाल का?

टिळकवाडी_फिजिओ

लिहिते. चित्रं पण हवीत, नुसतं वाचून व्यायाम होत नाहीत. दुसऱ्या_वर्षाची, तुझ्या वर्गात चित्र काढणारं कोण आहे?

दुसऱ्या_वर्षाची

मीच काढते ताई. आणि तो तीन दिवसांचा कोर्स नाही करत, ठरलं.

ऑर्थो_निवृत्त

मसुदा इथंच टाक. म्हाताऱ्या बायकांची ठिसूळ हाडं आणि बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेले पेशंट हेही घाल, ते राहिलंय. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर तेही.

वडगावचा_माग

आमच्या गल्लीत कागद मी वाटतो. अक्षर मोठं ठेवा.

निपाणकरीण

निपाणीत बायका दुपारी विड्या द्यायला जातात तेव्हा एका जागी भेटतात, तेव्हा वाचून दाखवते. पुष्कळ जणींना वाचता येत नाही. कन्नडची बाजू कोण लिहिणार आहे? माझी जाऊ कन्नड शाळेत शिकवते, तिला विचारू का?

मलप्रभाकाठ

हो ताई, विचारा. मराठीचा मसुदा येत्या रविवारी टाकते, त्यांना लगेच पाठवा.